मुरघासावरचे पांघरूण : प्लास्टिकला पर्याय आहे काय?

पावसाळा सरत आला की अहिल्यानगर, नाशिक, पुणे, सातारा या जिल्ह्यांतील दुधाच्या गावांत एकच लगबग दिसते. मक्याचा दाणा चिकात आलेला असतो. कडबाकुट्टीचे यंत्र दिवसभर घरघरते. गोठ्यामागच्या खड्ड्यात कुट्टीचे थर पडतात आणि घरातील सारी माणसे ते थर पायांनी तुडवीत असतात. शेवटी त्यावर काळा प्लास्टिकचा कागद अंथरला जातो, कडेने माती ओढली जाते आणि कुटुंब निर्धास्त होते. उन्हाळ्याची वैरण साठली, गाई उपाशी राहणार नाहीत, ही ती निश्चिंती होय.

पुढे चैत्र-वैशाखात खड्डा उघडला जातो. वैरण गव्हाणीत जाते; पण त्या कागदाचे काय होते? काही तो घडी करून ठेवतात. अनेक ठिकाणी मात्र तो बांधावर पडतो, उन्हाने चिरफाळतो, वाऱ्याने उडतो आणि नांगराबरोबर मातीत मिसळतो. कोणी तो पेटवून देतात. त्याचा एखादा तुकडा वैरणीतून गाईच्या पोटातही जातो. ज्या आवरणाने गाईचे अन्न राखले, तेच पुढे तिच्या जिवावर उठावे, ही विसंगती विचार करावयास लावणारी आहे.

म्हणूनच अलीकडे शेतकरी बांधवांच्या बोलण्यात एक प्रश्न वारंवार येतो. मातीत आपोआप विरघळून जाईल असा कागद मुरघासासाठी मिळू शकेल काय? या प्रश्नाचा साधकबाधक विचार आम्ही येथे करीत आहोत.

मुरघास टिकतो कसा?

प्रथम मुरघास म्हणजे काय ते नीट समजून घेऊ. हिरवी वैरण वाळविली की तिचा कडबा होतो. तीच वैरण हवाबंद करून आंबविली की तिचा मुरघास होतो. मका, ज्वारी, संकरित नेपियर, उसाचे वाढे अशा पिकांची एक-दोन सेंटीमीटर लांबीची कुट्टी करून ती दाबून भरली, म्हणजे आत अडकलेला थोडासा ऑक्सिजन काही तासांत संपतो. मग हवेवाचून जगणारे जीवाणू कामास लागतात. ते वैरणीतील साखरेपासून लॅक्टिक आम्ल, म्हणजे दह्याला आंबटपणा देणारे आम्ल, तयार करतात. आम्लता वाढत जाऊन सामू ४ च्या आसपास येतो. इतक्या आंबट वातावरणात कुजविणारे जीवाणू टिकाव धरू शकत नाहीत. सुमारे ४५ दिवसांत मुरघास तयार होतो आणि हवा आत गेली नाही तर तो पुढे कित्येक महिने टिकतो.

चारा आम्लाने टिकतो, हे शास्त्राने नीट उलगडून दाखविले ते विसाव्या शतकात. फिनलंडचे रसायनशास्त्रज्ञ आर्तुरी विर्तानेन यांनी चाऱ्यात आम्ल मिसळून तो टिकविण्याची पद्धत शोधून काढली आणि त्यांना १९४५ साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक देण्यात आले. थंडीने सहा-सहा महिने गोठलेल्या देशात गाय जगविणे हा किती मोठा प्रश्न होता, हे यावरून ध्यानात यावे. आपल्याकडे बर्फ नाही. पण दुष्काळ आहे. १९७२ चा दुष्काळ ज्यांनी पाहिला आणि २०१८-१९ च्या चारा छावण्यांत ज्यांनी आपली जनावरे नेऊन बांधली, त्यांना साठविलेल्या वैरणीचे मोल निराळे सांगावयास नको.

आवरणाची खरी किंमत

मुरघासाचा सर्वांत मोठा शत्रू म्हणजे हवा. आवरणाला एखादे छिद्र पडले की आत ऑक्सिजन जातो, सुप्त असलेले यीस्ट जागे होते आणि ते लॅक्टिक आम्लच खाऊन टाकते. मुरघास गरम होतो, आंबटपणा कमी होतो आणि मग बुरशी धरते. बुरशीची काही विषे जनावराच्या पोटातून दुधात उतरतात. अफ्लाटॉक्सिन हे त्यांपैकी सर्वांत परिचित विष. आंबवण बिघडलेल्या मुरघासात लिस्टेरिया नावाचा जीवाणू वाढू शकतो आणि त्यामुळे गाभण जनावर गाभडण्याचा धोका असतो. तेव्हा आवरण फाटले तर थोडी वैरण गेली, इतक्यावर हे प्रकरण थांबत नाही. ते गोठ्यापर्यंत आणि तेथून आपल्या लेकरांच्या पेल्यापर्यंत जाते.

आता थोडा हिशेब मांडू. दहा गाई, प्रत्येकीस दररोज १५ किलो मुरघास आणि चार महिन्यांची बेगमी, असे धरल्यास १८ टन वैरण लागते. एका घनमीटरात साधारण ५५० किलो मुरघास बसतो, म्हणजे सुमारे ३३ घनमीटर जागा हवी. दीड मीटर रुंद, १.२ मीटर खोल आणि १८ मीटर लांब असा चर त्यास पुरतो. सोयीसाठी त्याचे दोन चर करता येतात. या चराचा वरचा पृष्ठभाग २७ चौरस मीटर भरतो. आवरण कुचकामी निघून वरचा केवळ १५ सेंटीमीटरचा थर जरी सडला, तरी एकूण वैरणीचा आठवा हिस्सा, म्हणजे दोन टनांहून अधिक चारा उकिरड्यावर जातो.

याउलट तो चर झाकण्यास कडा धरून सुमारे ४० चौरस मीटर कागद लागतो. १५० मायक्रॉन जाडीच्या अशा कागदाचे वजन साडेपाच किलोच्या आसपास भरते. साडेपाच किलो प्लास्टिक १८ टन अन्नाचे रक्षण करते. प्लास्टिकचा धिक्कार करण्यापूर्वी हा उपकार मान्य करावयास हवा, असे आम्हांस वाटते. १९३३ साली इंग्लंडमधील नॉर्थविच येथील प्रयोगशाळेत जवळजवळ अपघातानेच हाती आलेल्या पॉलिथिनने शेतीचे रूप पालटले, ते काही उगाच नव्हे.

उपकाराची दुसरी बाजू

तथापि ज्या गुणामुळे पॉलिथिन सहा महिने पाऊस-ऊन सोसते, त्याच गुणामुळे ते पुढे पिढ्यान्‌पिढ्या मातीत राहते. जीवाणूंना त्याची रेणूसाखळी सहजी तोडता येत नाही. उन्हाने त्याचे तुकडे होतात, तुकड्यांची भुकटी होते. पण ती भुकटीही प्लास्टिकच असते. उघड्यावर जाळल्यास काजळी व विषारी वायू निघतात आणि त्या ढिगात पीव्हीसीचे तुकडे असतील तर डायॉक्सिनसारखी घातक द्रव्येही तयार होतात.

गाईच्या बाबतीत धोका अधिकच. ती चारा निवडून, चावून खात नाही. आधी गिळते आणि मागाहून रवंथ करते. कोटीपोटात गेलेले प्लास्टिक तेथेच साचते, त्याचा गोळा होतो आणि अखेर पोट चिरून तो काढण्यावाचून उपाय उरत नाही. २०१९ च्या पशुगणनेनुसार भारतात १९ कोटी २४ लाख गाई-बैल आणि जवळजवळ ११ कोटी म्हशी आहेत. एवढे पशुधन ज्या देशात गावभर मोकळे हिंडते, तेथे बांधावरचा फाटका कागद ही क्षुल्लक बाब नव्हे.

'विघटनशील' म्हणजे नेमके काय?

बाजारात 'विघटनशील', 'जैविक', 'पर्यावरणस्नेही' अशी अनेक विशेषणे मिळतात. त्यांचे अर्थ मात्र एकमेकांपासून फार भिन्न आहेत. येथेच शेतकरी फसण्याचा संभव असतो.

पहिला प्रकार 'ऑक्सो-विघटनशील' प्लास्टिकचा. हे साधे पॉलिथिनच असते. त्यात धातूंची काही संयुगे घातलेली असतात, म्हणजे ऊन व हवा लागली की ते लवकर चुरते. चुरते, परंतु नाहीसे होत नाही. या कारणास्तव युरोपीय संघाने २०१९ साली कायदा करून जुलै २०२१ पासून अशा प्लास्टिकच्या वस्तू बाजारात आणण्यास मनाई केली. मुरघासासाठी तर हा प्रकार सर्वांत वाईट होय, कारण ऊन लागून चुरणे हेच आपणांस नको आहे.

दुसरा प्रकार 'कंपोस्ट होणाऱ्या' प्लास्टिकचा. पॉलिलॅक्टिक आम्ल हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण. मका वा ऊस यांच्या साखरेपासून जीवाणू लॅक्टिक आम्ल बनवितात आणि त्याचे रेणू जोडून हे प्लास्टिक तयार होते. जे आम्ल मुरघास टिकविते, त्याच आम्लापासून हे प्लास्टिक होते, हा मोठा मनोरम योगायोग आहे. परंतु या वस्तूंना लागू असलेले युरोपीय मानक सुमारे ५८ अंश तापमानाच्या मोठ्या कंपोस्ट प्रकल्पात सहा महिन्यांच्या आत ९० टक्के विघटन अपेक्षिते. परसातल्या उकिरड्यात वा शेताच्या थंड मातीत तसे घडेलच असे नाही.

तिसरा प्रकार खरोखर मातीत विघटन पावणाऱ्या पडद्यांचा. स्टार्च आणि विघटनशील पॉलिएस्टर यांच्या मिश्रणातून ते बनतात. भाजीपाल्याच्या वाफ्यांवर आच्छादनासाठी अशा पडद्यांचा वापर युरोपात होतो आणि त्यांच्यासाठी २०१८ साली स्वतंत्र मानकही आले. चाचणीच्या मातीत २४ महिन्यांच्या आत ९० टक्के विघटन, ही त्याची कसोटी. मुरघासाच्या दृष्टीने आशा ठेवावी ती या तिसऱ्या प्रकाराकडून.

आपल्या देशातही कंपोस्ट होणारे प्लास्टिक विकण्यापूर्वी उत्पादकाने केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे प्रमाणपत्र घेतले पाहिजे, असे २०१६ चे प्लास्टिक कचरा व्यवस्थापन नियम सांगतात. तेव्हा 'हा कागद आपोआप विरतो' असे कोणी म्हणाले, तर तो कोठे, किती दिवसांत आणि कोणत्या प्रमाणपत्रानुसार विरतो, हे तीन प्रश्न अवश्य विचारावेत.

तुरीनच्या संशोधकांचा प्रयोग

या विषयावरील एक महत्त्वाचा प्रयोग इटलीतील तुरीन विद्यापीठाच्या संशोधकांनी केला. त्याचे निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले. त्यांनी मक्याची कुट्टी साडेबारा किलोच्या पिशव्यांत भरली. काही पिशव्या १२० मायक्रॉनच्या नेहमीच्या पॉलिथिनच्या होत्या, तर काही दोन निरनिराळ्या विघटनशील पडद्यांच्या. १७० दिवसांनंतर पिशव्या उघडून, विशेषतः पडद्याला लागून असलेला पाच सेंटीमीटरचा थर, तपासण्यात आला.

सर्वच पिशव्यांतील मुरघास चांगला आंबला होता. दोन विघटनशील पडद्यांपैकी एकाखाली बुरशीचे प्रमाण व हवेत टिकण्याची क्षमता यांत फरक आढळला; दुसऱ्याखालील मुरघास मात्र पॉलिथिनखालील मुरघासाच्या तोडीचा निघाला. सुमारे सहा महिन्यांपर्यंत टिकणारे विघटनशील आवरण बनविणे शक्य आहे, असा आशादायक निष्कर्ष त्यांनी काढला.

ही वार्ता आनंदाची खरी. पण तिचा अर्थ मर्यादेतच घ्यावा. हा प्रयोग प्रयोगशाळेतील लहान पिशव्यांवर झाला. तेथे उंदीर नव्हते, कावळे नव्हते, कुत्र्यांची नखे नव्हती आणि जूनमधला आपला पाऊसही नव्हता.

अडचण कोठे आहे?

या आवरणाकडून आपण दोन परस्परविरोधी गोष्टी मागतो. सहा ते आठ महिने त्याला काहीही होता कामा नये आणि त्यानंतर मात्र ते लवकर नाहीसे व्हावे. भाजीच्या वाफ्यावरचा पडदा मध्येच थोडा फाटला तर फार तर तण उगवते. मुरघासावरचा फाटला तर वैरण सडते.

ऑक्सिजन अडविण्यात काही जैविक पडदे पॉलिथिनहून उणे नाहीत. त्यांचा कमकुवतपणा ओलाव्यात आहे. स्टार्चमिश्रित पडद्यांतून पाण्याची वाफ अधिक सहज ये-जा करते आणि ओलसर झाल्यावर त्यांचा कस उतरतो. खड्ड्याच्या कडांवर आपण जी माती दाबतो, तीत त्या पडद्याला खाणारे जीवाणू भरपूर असतात. त्यात उष्ण हवामानाने विघटनाचा वेग वाढतो. म्हणजे जेथे हवाबंदी सर्वांत अधिक हवी, त्या कडाच प्रथम दगा देण्याचा संभव. शिवाय असे पडदे साध्या कागदाहून महाग पडतात. दोन टन वैरण पणाला लावून हा प्रयोग एकट्या गरीब शेतकऱ्याने करावा, असा सल्ला आम्ही देणार नाही. तो भार कृषी विद्यापीठांनी, दूध संघांनी आणि ज्यांची नुकसान सोसण्याची ऐपत आहे अशांनी उचलावा. आपल्या हवामानात, आपल्या खड्ड्यांवर अशा चाचण्या होणे अत्यंत गरजेचे आहे.

जुन्या माणसांच्या रीती

प्लास्टिक येण्यापूर्वीही खड्ड्यातील वैरण झाकली जात होतीच. गवताचा वा पाचटाचा थर, त्यावर मातीचा जाड थर आणि वरून शेणमातीचे लिंपण, अशी रीत होती. ही आवरणे पूर्णपणे मातीचीच. पण लिंपण वाळले की त्याला भेगा पडतात आणि हवा आत शिरते. वरचा थर वाया जाणार हे तेव्हा गृहीतच धरलेले असे. शिवाय माती थेट वैरणीत मिसळली तर तिच्यातील जीवाणू दुर्गंधीयुक्त ब्युटिरिक आम्ल तयार करतात व जनावर त्या मुरघासाला तोंड लावीत नाही. तेव्हा जुनी रीत जशीच्या तशी परत आणणे हा उपाय नव्हे. परंतु कागदावर पाचट व माती पसरल्यास कागदाला ऊन लागत नाही आणि तोच कागद अधिक वर्षे टिकतो. जुन्या रीतीचा हा उपयोग आजही होण्यासारखा आहे.

सुक्या चाऱ्याची गोष्ट निराळी

वसईपासून खाली कोकणपट्टीत मुरघासापेक्षा भाताचा पेंढाच अधिक. देशावर कडब्याची गंजी असते. यांना मुरघासाचा नियम लावता येत नाही. किंबहुना त्यांचा नियम अगदी उलट आहे. मुरघासाला हवा नको असते, तर सुक्या चाऱ्याला पाऊस नको, पण हवा हवी असते. पेंढ्याची उडवी प्लास्टिकने चहूबाजूंनी घट्ट गुंडाळली तर आतला दमटपणा आतच राहतो आणि पेंढा काळा पडून बुरसतो.

म्हणून येथे प्लास्टिकला खरा, आजच हाताशी असलेला पर्याय आहे. माडाच्या झावळ्यांची विणलेली झापे, गवताचे शाकारलेले छप्पर आणि खाली लाकडाचा उंच माच, एवढ्यावर पूर्वीच्या पिढ्यांनी कोकणचा पाऊस निभावला. आजही आपण प्लास्टिकच्या आवरणास 'ताडपत्री' म्हणतो. शब्दात ताडाचे पान उरले, वस्तूतून मात्र ते गेले. ज्यांच्या वाडीत माड आहेत, त्यांना ते पान पुन्हा वस्तूत आणणे अवघड नाही. ऐपत असल्यास पत्र्याचे कायम छप्पर हा दीर्घकाळ टिकणारा मार्ग होय.

आज काय करता येईल?

उद्याचा पडदा येईल तेव्हा येवो; तोवर प्लास्टिक कमी वापरणे, तेच पुन्हा वापरणे आणि ते मातीत जाऊ न देणे, हे तिन्ही आपल्या हाती आहे.

ज्यांच्याकडे केवळ दोन गाई आहेत, त्यांनी मुळात खड्डा करूच नये. उघडलेल्या खड्ड्याचा दर्शनी भाग दररोज निदान १५ सेंटीमीटर तरी काढला गेला पाहिजे. नाहीतर उष्ण हवेत तो तापून बिघडतो. दहा गाईंना दिवसाकाठी दीडशे किलो लागतात, म्हणून वर सांगितलेल्या चरात हे जमते. दोन गाईंना लागतात ३० किलो. तेवढ्याने अशा खड्ड्याचे तोंड जेमतेम तीन सेंटीमीटर सरकते. अशांसाठी झाकण घट्ट बसणारे २०० लिटरचे पिंप सोयीचे. त्यात शंभर-एकशे दहा किलो मुरघास मावतो, तीन-चार दिवसांत तो संपतो आणि पिंप वर्षानुवर्षे चालते. पिंपही प्लास्टिकचेच असते, हे खरे. पण दरवर्षी फेकावयाचा कागद त्यामुळे वाचतो. मात्र कीटकनाशकाचे वा रसायनाचे जुने पिंप त्यासाठी कदापि वापरू नये.

खड्डा करणाऱ्यांनी तो रुंद व उथळ न करता अरुंद व खोल ठेवावा, म्हणजे कागद कमी लागतो. कागद पातळ घेऊन दरवर्षी फेकण्यापेक्षा जाड घेऊन पुन्हा वापरावा. दाबासाठी जुन्या टायरांऐवजी वाळूची पोती ठेवावीत. टायरांतून निघणाऱ्या तारा जनावरांच्या पोटात जाऊ शकतात. खड्डा उघडताना कागद कापू नये, गुंडाळीत मागे न्यावा. काम संपताच तो धुऊन, वाळवून, घडी करून उंदरांपासून दूर ठेवावा. निकामी झाला तर भंगारात द्यावा. स्वच्छ कागद भंगारवाला घेतो, चिखलाने माखलेला कोणीच घेत नाही.

हे एकेकट्याने करण्यापेक्षा गावाने करावे, हे उत्तम. आयर्लंडमध्ये १९९७ पासून शेतातील असे प्लास्टिक परत गोळा करण्याची देशव्यापी योजना चालू आहे. तिचा काही खर्च कागद विकणाऱ्यांकडूनच घेतला जातो. आपल्या गावात सकाळ-संध्याकाळ दूध गोळा करणारे केंद्र असतेच. वर्षातून दोनदा त्याच केंद्रावर जुने कागद गोळा केले, तर ते बांधावर वा गाईच्या पोटात जाणार नाहीत. यासाठी नवा शोध नको, सरकारी आदेश नको. दूध संस्थेच्या सभेत एक ठराव पुरे.

वाचकहो, विघटनशील आवरणाचा दिवस उगवेल, अशी चिन्हे दिसत आहेत. तो येईल तेव्हा डोळसपणे त्याचे स्वागत करू. परंतु नव्या कागदाची वाट पाहताना जुना कागद बांधावर टाकण्याची मुभा आपणांस मिळत नाही. यंदा खड्डा उघडाल तेव्हा वैरण काढून झाल्यावर क्षणभर मागे वळून पाहा. तो कागद कोठे पडला आहे, हे पाहणे आणि तो उचलून ठेवणे, हेही गोधनाच्या सेवेचाच एक भाग आहे.